सगळ्यात शेवटी मॅडम

सालेहा गुलाम रसूल ही काही धीट बाई नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं. आज लातुरात तिच्याबद्दल बोलणारे लोक ती आईच्या पोटातूनच वाघीण होऊन आल्यासारखं बोलतात, आणि त्यातले निम्मे तेव्हा तिला पोट धरून हसले होते.

२००४ साली ती तेवीस वर्षांची होती. गाव निलंगा. बसस्टँडसमोर वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आत चार खोल्या. नांदेडहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, फर्स्ट क्लास मिळवला, आणि त्याच जूनमध्ये लातूरच्या ट्यूशन एरियात श्रीमंत सरांच्या क्लासला बारावीचं ऑरगॅनिक शिकवायला लागली. त्या भागात तेव्हा झाडं कमी आणि बोर्ड जास्त झाले होते. प्रत्येक बोर्डावर दहा पोरांचे फोटो, खाली टक्के. देगलूर, उदगीर, निलंगा, कुठून कुठून आईबाप गादीची वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन पोरासोबत एसटीतून उतरत. पोराला काय आवडतं हे कुणी विचारत नसे. डॉक्टर व्हायचं, विषय संपला.

क्लास एका कापडदुकानाच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर होता. एक लांबलचक हॉल, त्यात एकशे ऐंशी पोरं. मागच्यांना दिसावं म्हणून सरांनी फळ्या ठोकून बाकांखाली पायऱ्या करून घेतल्या होत्या. मास्तराची जागासुद्धा फळ्यांचीच, खाली पोकळ. एखाद्याने पाय हलवला की थरकाप पार टेबलापर्यंत यायचा. सरांना ते माहीत होतं. स्वस्तात झालं, एवढंच त्यांना पुरे होतं.

सालेहा वर्गात शिरली की पहिलं काम एकच करी. पर्समधून स्टीलचा ग्लास काढायचा, टेबलाच्या कोपऱ्यावर पालथा घालायचा, आणि त्याच्या बुडावर एक खडू उभा करायचा. मग शिकवायला सुरुवात. पोरांना आधी वाटलं, मॅडम काहीतरी प्रयोग दाखवणार. दोन आठवडे झाले तरी प्रयोग काही होईना.

ही सवय तिच्या खालाची. खाला म्हणजे आईची थोरली बहीण. औसा तालुक्यात एका गावी दिली होती. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात बारा वर्षांची सालेहा तिच्याकडे राहायला गेली होती. माळवदाचं घर, अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, डोक्यावर लाकूड आणि फूटभर माती. आत सालेहा आणि खालाची दहा वर्षांची मुलगी मनतशा एका गोधडीत. खाला अंगणात बाजेवर. पहाटे चारच्या सुमारास भांड्यांची उतरंड वाजली आणि सालेहा उठून पळाली. मनतशाला हाक मारली नाही, हलवलं नाही, काही नाही. पाय पळाले, ती त्यांच्यामागून गेली. अंगणात पोहोचली तेव्हा मागे घर नव्हतं, नुसती धूळ होती. खाला बाजेवरून उठत होती. तिने विचारलं, "एकटीच आलीस?"

एवढंच. पुढे खालाला सरकारी शेडमध्ये राहवेना, तेव्हा सालेहाच्या वडिलांनी, गुलाम रसूलनी, तिला निलंग्याला आपल्या घरी आणलं. जमीन मधूनमधून हलतच होती. खाला पेटीवर ग्लास पालथा घाली, त्यावर दुसरा ठेवी. वरचा ग्लास उभा आहे तोवर भूकंप नाही, अशी त्या घरातली व्याख्या ठरली. धक्के थांबले, ग्लास थांबला नाही. आणि दिवसातून एकदा तरी, ताट वाढताना, कपडे वाळत घालताना, खाला पुटपुटे, "ही एकटीच आली." सालेहाने अकरा वर्षं ते ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवला. आपण पळणारी बाई आहोत, ही गोष्ट तिच्यासाठी डोळ्यांच्या रंगासारखी झाली होती. त्यात बदल होतो असं तिला वाटतच नव्हतं.

लातुरात चूक तिनेच केली. क्लासचा शिपाई गुंडप्पा, उदगीरकडचा, पन्नाशीचा. एक दिवस तो पोरांसाठी पाणी भरताना टेबलावरचा ग्लास उचलायला लागला.

"राहू द्या मामा, ते प्यायचं नाही."

"मग कशाचं हाय?"

तिने सांगून टाकलं. शहाण्या माणसाने सांगू नये ते सगळं, मनतशासकट. गुंडप्पा वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या पोटात चहासुद्धा टिकत नसे, गोष्ट काय टिकणार. दोन दिवसांत मेसमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात, पोरींच्या हॉस्टेलवर, सगळीकडे एकच विषय.

सोमवारी ती फळ्यावर अल्डॉलची अभिक्रिया लिहीत होती. पाठ पोरांकडे. मागच्या बाकावर बसणाऱ्या हरिओमने सुरुवात केली. आधी टाचेने हळू, मग दोन्ही पायांनी. त्याची रांग, मग पुढची, मग सगळा हॉल. फळ्या घुमायला लागल्या. खिडकीच्या काचा वाजल्या. खडू ग्लासवरून खाली पडला.

सालेहा पळाली. हातात डस्टर घेऊन तीन मजले उतरली. कापडदुकानातून, गिऱ्हाइकांतून, थेट रस्त्यावर. ओढणी जिन्याच्या कठड्याला अडकून राहिली. खाली गुंडप्पा टपरीवर चहा पीत उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"मॅडम, एकट्याच आलात? क्लास सुटला?"

वरून एकशे ऐंशी पोरांचं हसू ऐकू येत होतं. तिला ते हसू लागलं नाही. तिला लागलं ते दुसरंच. खडू पडला तेव्हा तिला खरंच वाटलं होतं की भूकंप आहे. आणि तिने एकालाही "बाहेर पडा" म्हटलं नव्हतं.

श्रीमंत सरांनी तिला केबिनमध्ये बसवलं. सर म्हणजे पांढरा सफारी, अंगठ्या आणि सतत वाजणारे दोन मोबाइल. शिकवायचे बरं, पण ऑरगॅनिक त्यांना दहा वर्षांपूर्वीचं येत होतं.

"मॅडम, पोरं आहेत. हसणारच. ते सोडा. मी काय म्हणतो, खरोखरचा भूकंप असता तर? पोरं वर अन् तुम्ही रस्त्यावर. उद्या कुणाच्या बापाला मी काय तोंड दाखवायचं?"

तिने हातातलं डस्टर टेबलावर ठेवलं.

"तुमचं अक्षर चांगलंय. घरी बसून नोट्स लिहा. शिकवायचं मी बघून घेतो. तुमच्यासारख्या घाबरट माणसानं स्टेजवर यायचंच कशाला?"

तिने मान हलवली. याची चीड येते. फर्स्ट क्लास एम.एस्सी., आणि मान हलवली. पण त्या क्षणी तिला सरांचं म्हणणं नुसतं पटलंच नाही, तर सुटल्यासारखंही वाटलं. संध्याकाळच्या गाडीने ती निलंग्याला गेली, आणि दोन महिने घराबाहेर न पडता तिने नऊ धडे लिहिले. दर शनिवारी क्लासचा माणूस येऊन कागद घेऊन जाई.

वडिलांनी पहिल्या दिवशी डोळ्यावरची भिंगाची नळी न काढता विचारलं होतं, "कायकू आई बेटा?" तिने सांगितलं. ते म्हणाले, "हूं." आणि पुन्हा घड्याळात शिरले. त्या घरात कुणी कुणाची समजूत काढत नसे.

दिवाळीच्या सुटीत साक्षी नावाची पोरगी दुकानात आली. क्लासमधलीच, निलंग्याची, वडील शेतकरी, गावाबाहेर मळा. वडिलांचं घड्याळ न्यायला आली होती. सालेहा दाराआडून मागे सरकत होती, तेवढ्यात पोरीने पाहिलं. पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला.

"मॅडम, हे तुमचं अक्षर आहे ना?"

अक्षर तिचंच होतं. वर छापलेलं होतं: श्रीमंत सरांच्या ऑरगॅनिक नोट्स.

"सर वाचून दाखवतात," साक्षी म्हणाली. "प्रश्न विचारला की पुढच्या तासाला सांगतो म्हणतात. पुढचा तास येतच न्हाई. फेब्रुवारीत बोर्ड, मग सीईटी. तुम्ही पळून गेलात, आमचं ऑरगॅनिक गेलं."

"तुम्हीच पळवलंत ना मला."

"मीपण आपटले पाय," साक्षी म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "सगळे आपटून राहिले होते. तुम्ही एवढ्यासाठी जाल असं कुणाला वाटलं? माझ्या बापानं एक बैल विकलाय मॅडम. तुम्ही घाबरता ते तुमचं. आम्ही काय करायचं?"

घड्याळ घेऊन ती निघून गेली. गुलाम रसूल भिंगातून वर न बघता म्हणाले, "पोरी सच बोली."

सालेहा तरातरा आत गेली. खाला पेटीपाशी भाजी निवडत बसली होती, वर ते दोन ग्लास. अकरा वर्षांत सालेहाने तिला उलट उत्तर दिलं नव्हतं. आज तिने वरचा ग्लास उचलून जमिनीवर आदळला.

"खाला, हाक मारली असती तर मनतशा वाचली असती का? एकदा सांगून टाक."

खालाने मेथीची काडी मोडली.  मग म्हणाली, "मला काय माहीत. मी काय अल्लामियाँ आहे? माती यायला किती वेळ लागला तो तुला दिसला न्हाई, मला दिसला. तू परत फिरली असतीस तर दोघी आत असत्या."

"मग रोज मला का ऐकवतेस?"

"मग कुणाला ऐकवू?" खाला चिडून म्हणाली. "तू पळालीस म्हणून शिव्या द्यायला तरी एक राहिली. उचल तो ग्लास. चेपला असेल."

ग्लास चेपला होता. सालेहाने तो पर्समध्ये घातला. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. खालाने मेथी पूर्ण केली आणि पानं निवडताना मातीच फार आली म्हणून भाजीवाल्याला शिव्या दिल्या.

सुटी संपली त्या सकाळी सालेहा सरांच्या केबिनमध्ये उभी राहिली. बसली नाही, कारण बसली तर पुन्हा उठता येणार नाही याची तिला खात्री होती.

"चार धडे लिहायचे राहिलेत सर. ते माझ्या डोक्यात आहेत. मला तास द्या. नाही दिला तर तुम्ही तुमच्या डोक्यातून लिहा."

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलायला लागली. पण बोर्ड परीक्षा तीन महिन्यांवर आली होती आणि शेजारच्या क्लासने नुकताच हैदराबादहून ऑरगॅनिकचा मास्तर आणला होता.

"एक तास," ते म्हणाले. "बारा ते एक. पुन्हा रस्त्यावर दिसलात तर तिथूनच एसटी धरायची."

बाराला ती वर्गात गेली. पोरांनी "भूकंप मॅडम" म्हणून ओरडून स्वागत केलं. तिने चेपलेला ग्लास पालथा घातला, त्यावर खडू उभा केला. हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. ती फळ्याकडे वळली आणि अल्डॉल नव्हे, भलतंच काहीतरी लिहिलं: मागचे बाक. मग मधले. मग पुढचे. सगळ्यात शेवटी मॅडम.

"मला भूकंप आणि तुमचे पाय यांतला फरक कळत नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता आणि तो लपवायला तिच्याकडे वेळ नव्हता. "कळणारही नाही. तेव्हा खडू पडला की भूकंप. हा क्रम. पळायचं नाही, ढकलायचं नाही. आता लिहून घ्या."

पाच मिनिटांत हरिओमने टाच मारली. मग सगळ्यांनीच मारली. फळ्या घुमल्या, काचा वाजल्या, खडू पडला.

सालेहाचे पाय दाराकडे निघाले. निघाले, हे खरं आहे. दोन पावलं गेलेही. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, इतकी की नखं पांढरी पडली, आणि ओरडली, "मागचा बाक, उठा. चला. बाहेर."

पोरांना गंमत वाटली. गेली. मागची रांग, मग मधली, मग पुढची. एकशे ऐंशी पोरं अरुंद जिन्याने उतरायला नऊ मिनिटं लागतात. ती नऊ मिनिटं सालेहा त्या हॉलमध्ये उभी होती, आणि तिच्यासाठी तो हॉल पूर्ण वेळ कोसळत होता. पंखा पडणार, स्लॅब येणार, आता येणार.  शेवटचा पोरगा गेल्यावर ती बाहेर पडली. भिंतीला हात लावत, एकेक पायरी मोजत.

खाली पोरांनी रस्ता अडवला होता. तिने कडेला हजेरी घेतली आणि सगळ्यांना वर नेलं. घड्याळात साडेबारा. राहिलं तिथून पुढे सुरू.

दहा मिनिटांनी पुन्हा पाय वाजले. पुन्हा खडू पडला. पुन्हा सगळे खाली. या वेळी मागून कुरकुर ऐकू यायला लागली. मेसचं जेवण दोनपर्यंतच मिळे, आणि उशीर झाला की भाजीत नुसतं पाणी. कॉलर उभी केलेला एक पोरगा हरिओमला म्हणाला, "पुरे कर की लेका, मला भूक लागलीय."

श्रीमंत सर गाडीतून उतरले तेव्हा त्यांची अख्खी बॅच भर उन्हात रस्त्यावर उभी होती आणि शेजारच्या क्लासचे लोक गॅलरीतून बघत होते. सरांनी वर मान केली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत सालेहा एकटी.

"मॅडम, हा काय तमाशा लावलाय?"

"तुम्हीच म्हणालात सर," ती वरून म्हणाली. "पोरं वर अन् मी रस्त्यावर. आता पोरं रस्त्यावर आहेत. मी वर आहे."

गॅलरीतले लोक हसले. सर केबिनमध्ये जाऊन बसले. दुसरं काय करणार.

एकला तास संपायचा होता, पण बुडालेला वेळ भरायला तिने सगळ्यांना पुन्हा वर आणलं होतं. सव्वा वाजता तिसऱ्यांदा खडू पडला. या वेळी पाय थोडेच वाजले होते, मागच्या एकाच रांगेचे. रांगा शिव्या देत उतरल्या. हॉल रिकामा झाला. फक्त हरिओम मागच्या बाकावर बसून राहिला, हाताची घडी घालून.

"उठ."

"मी न्हाई जात. हा भूकंप न्हाई."

"कशावरून?"

"मीच आपटले ना पाय."

"मला माहीत नाही," सालेहा म्हणाली. "तू उतरल्याशिवाय मला उतरता येत नाही. फळ्यावर लिहिलंय."

"मग बसा."

ती बसली नाही. ती टेबलाशी उभी होती आणि तिला दारातून येणारा उजेड दिसत होता. बाहेर पडायला सात पावलं होती. मागच्या बाकावर एक पोरगं उठत नव्हतं.

"तू कुठला?" तिने विचारलं.

त्याने गावाचं नाव सांगितलं. जुनं नव्हे, नवं, भूकंपानंतर सरकारने बांधून दिलेलं.

"घरातलं कोण गेलं?"

"तुम्हाला काय करायचंय?" हरिओम म्हणाला. मग म्हणाला, "आजी. अन् चुलता. आम्ही तीन वर्षं पत्र्यात राहिलो. मी असा ग्लास मांडत बसत न्हाई."

"बरं करतोस," ती म्हणाली.

तिने खाली वाकून खडू उचलला. त्याचे दोन तुकडे झाले होते. मोठा तुकडा घेऊन ती फळ्याकडे वळली. पाठ वर्गाकडे केली, पहिल्यांदाच ग्लासवर काही नसताना.

"बेस अल्फा कार्बनवरचा हायड्रोजन काढून घेतो. का, सांग."

 ती स्वतःच सांगायला लागली. इलेक्ट्रॉनचे बाण वाकडे येत होते. तिने ते पुसले नाहीत. दोन मिनिटांनी मागून वही उघडल्याचा आवाज आला. पोरगा कितीही मग्रूर असो, ट्यूशन एरियात फळ्यावर मेकॅनिझम आलं की पेन आपोआप बाहेर येतं.

"कार्बोनिलचा कार्बन पॉझिटिव्ह का मॅडम? सरांनी नुसतं वाचून दाखवलं."

तिने सांगितलं. तो लिहीत होता.

खाली कुणीतरी मान वर करून पाहिलं असणार. दारात आधी साक्षी आली, धापा टाकत.

"मॅडम, ह्याला एकट्याला शिकवून राहिलात?"

जिन्यात धडाधड पाय वाजायला लागले. मेस, ऊन, भूक, सगळं विसरून पोरं वर येत होती, कारण त्या गावात दुसऱ्याला दोन मार्क जास्त मिळण्यापेक्षा वाईट काही घडत नाही. कुणी रांग धरली नाही. ढकलाढकली करत बाकांवर पडली, वह्या उघडल्या. "कुठपर्यंत आलंय? ए, दाखव ना." हरिओमने वहीवर कोपर ठेवून ती झाकली.

सगळ्या फळ्या दणाणत होत्या. इतक्या, की पालथा ग्लास टेबलावर सरकत सरकत कडेला आला आणि खाली पडला. पोरांच्या माना वर आल्या. पेनं थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते.

 सालेहाने ग्लासकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली, आणि पुढचा बाण काढला.

पावणेदोनला गुंडप्पा जेवणासाठी कुलूप लावायला आला. कुणी उठलं नव्हतं. त्याने जमिनीवरचा ग्लास उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"ह्याचं काय करू?"

"धुऊन आणा मामा," सालेहा फळ्यावरून नजर न काढता म्हणाली. "पाणी भरून. घसा कोरडा पडलाय."